नरकात न शिंकलेला माणूस

नंदुरबारमध्ये नरक नेमका कुठे होता ते मी बोट ठेवून दाखवू शकतो. मिरची वाळवायच्या पथाऱ्या संपतात तिथे आमचं चर्च, चर्चच्या अंगणात चिंच, आणि चिंचेपासून सात पावलांवर नरक. मीच बांधला होता. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी साडेअकराला तो सुरू झाला आणि पावणेबाराला बंद पडला. पण तेवढ्यात त्याने दोनशे तारण पावलेली माणसं अशी पळवली, की त्यातली काही थेट गुजरातच्या हद्दीत जाऊन थांबली. तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगतोय. मी रिक्षा चालवतो. स्टेशनापासून बसस्टँडपर्यंत पुरेल एवढी गोष्ट जवळ ठेवावी लागते, आणि मध्ये फाटक लागलं तर ती ताणावी लागते. पण हिच्यातला गाभा खरा आहे. जिथे खोटं आहे, तिथे ते बायकोला विचारून घातलेलं आहे.

सुरुवातही बायकोपासूनच करायला हवी. आमच्या मंडळीचा लाउडस्पीकर तीच. खरा होता तो उंदरांनी खाल्ला, तर नवा आणायचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. ती गायला लागली की चर्चचे पत्रे थरथरायचे, पथारीवर देठ खुडणाऱ्या बायकांचे हात थांबायचे, आणि सुरतेकडून येणारी गाडी, देवाशपथ, शिट्टी न वाजवता स्टेशनात शिरायची. लाज वाटायची बिचारीला. तर ही बाई एका रविवारी गायची थांबली. उभी राहायची, पुस्तक उघडायची, ओठ हलवायची. आवाज नाही. असे सहा महिने.

कारण होतं काकांचं प्रवचन. काका म्हणजे आमच्या मंडळीच्या कारभाऱ्यांतले सगळ्यात जुने. पास्टर बदलतात, काका बदलत नाहीत. पास्टर रजेवर गेले की प्रवचन काकांचं, आणि काकांचं प्रवचन म्हणजे नरक. त्यांना तिथली इतकी बारीक माहिती, की तिथला सातबारा यांच्या नावावर असावा. कुठल्या कोपऱ्यात दारुडे, कुठल्या बांधावर चहाडखोर, विहीर कुठे आणि ती कोरडी का, सगळं पाठ. आम्ही ऐकायचो, घाबरायचो, आणि नंतर प्रीतिभोजनात खिचडी दोनदा घ्यायचो. पण त्या रविवारी काका म्हणाले, "आणि सर्वांत मोठं मैदान कुणासाठी राखून ठेवलंय? जे इथे येतात, बाकावर बसतात, गाणी ऐकतात, आपल्याबरोबर खिचडी खातात, आणि तरी प्रभूला हो म्हणत नाहीत, त्यांच्यासाठी!"

दोनशे माना एकदम शेवटच्या बाकाकडे वळल्या. तिथे माझे सासरे बसले होते. ते खिचडीचं नाव ऐकून नुकते जागे झाले होते.

सासरे सातपुड्यातले. मणिबेलीच्या अंगाला, नर्मदेच्या काठावर त्यांचं गाव होतं. धरणाचं पाणी चढत आलं आणि शेत, महूची झाडं, देवाचे खांब, सासूबाईंना जिथे पुरलं होतं ती जागा, सगळं खाली गेलं. हे लहानग्या पोरीला खांद्यावर घेऊन नंदुरबारला आले आणि मिरचीत शिरले. तीस वर्षं मिरची पसरली, उलटवली, भरली, मिरचीच्याच ढिगाला टेकून दुपारी झोपले. त्यांना डास चावला तर डासाला ठसका लागतो. मिरचीचा हात डोळ्याला लावला तर आपण आडवे होऊ, हे त्या हाताने डोळे चोळून जागे होतात.

लेकीने तरुणपणी बाप्तिस्मा घेतला, पुढे माझ्याशी लग्न केलं (या दोन्हींत मोठा विश्वास कशाला लागला ते विचारू नका), आणि तिच्या मागे मागे हेही चर्चमध्ये येऊ लागले. बारा वर्षांत एक रविवार चुकवला नाही. सतरंज्या हे घालणार, घंटा हे वाजवणार. पण बाप्तिस्मा नाही. आमच्याकडे कपाळाला दोन थेंब लावून भागत नाही, अख्खा माणूस हौदात बुडवतात. अंगणातच छातीएवढा सिमेंटचा हौद आहे. सासऱ्यांना कुणीही विचारलं की ते आपल्या पावरी बोलीत एकच सांगायचे. मी त्याचं मराठी करतो: "माझं अख्खं गाव बुडवलं. मी एक उरलोय, तो कोरडा राहू द्या."

आणि खरंच, घोट्याच्या वर पाणी येईल अशा जागी मी त्यांना कधी पाहिलं नाही. पावसाळ्यात नाला आला तर ते दीड कोस वळसा घालायचे.

त्या प्रवचनाच्या दुपारी घरी भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "मी वर जासू. पोरं वर जातीन. तू बी कसातरी जाशी. मन्हा बा कोठे जाई?"

"कसातरी म्हणजे?"

"गिऱ्हाईकले दोन किलोमीटर सांगस अन् चार फिरावस, म्हणीसन कसातरी. मी काय इचारस ते सांग ना."

मी चुलीत एक काटकी सारली.

"तठे वर बसीसन मी गाणं म्हणू?" ती म्हणाली. "बा खाले जळी ऱ्हायना, अन् मी वर गाणं म्हणू? कोणता गळाथून म्हणू सांग."

भाकरी तव्यावर करपली. तिथून तिचा आवाज बंद.

शेवटी मी काकांना चहाच्या टपरीवर गाठलं. भांडायलाच गेलो होतो. पण काकांचे डोळे भरून आले. "मी काय त्याना वैरी शे का रे? बारा वरीस झायात, आम्ही दोन्ही एकाच डबीथून तंबाखू खातस. त्यानी जळू नही म्हणीसनच मी बोंबलस ना!" मग आम्ही दोघांनी तीन तीन चहा पिऊन बेत केला. म्हाताऱ्याला नुसतं सांगून कळत नाही, दाखवायचं. बाप्तिस्म्याच्या रविवारी, हौद भरलेला असताना, त्याच अंगणात नरकाचं नाटक बसवायचं. नरक इतका खरा करायचा की म्हातारा खुर्चीतून उठून स्वतःच्या पायांनी हौदाकडे चालत जाईल. पास्टर झगा घालून तिथे उभेच असतील.

पास्टर तरुण आणि मवाळ. ते म्हणाले, "भिववून आणलेला माणूस हौदापाशी येतो, देवापाशी येतोच असं नाही." पण तोवर काकांनी नवापूरपर्यंत आमंत्रणं देऊन टाकली होती.

तयारी अशी. स्वर्ग म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्यावर पांढऱ्या चादरी, दोन्ही बाजूंना तापीकाठच्या मळ्यातून आणलेले केळीचे खांब. स्वर्गात तारण पावलेला माणूस: काका. तारण पावलेल्या माणसाला पंख नसतात असं पास्टरांनी तीनदा सांगितलं, पण काका पंखांवर अडून बसले. शेवटी नवापूरच्या पोल्ट्रीतून एक पोतं पिसं आली आणि महिला मंडळाने दोन रात्री बसून ती पुठ्ठ्यावर शिवली. काका त्यात देवदूतासारखे नाही, पण चांगल्या पोसलेल्या कोंबड्यासारखे मात्र हुबेहूब दिसत होते.

नरक ट्रॉलीच्या पायाशी. अर्धा कापलेला तेलाचा ड्रम, त्यात निखारे, भोवती बायकोची लाल साडी. नरकात पडलेला अविश्वासू म्हणजे मी. पास्टर म्हणाले, "तुम्हाला फार अभिनय करावा लागणार नाही."

आता धूर. धुरासाठी मी लाकडाच्या वखारीतून भुसा आणला. भुसा भरायला घरातलं एक पोतं घेतलं. आणि इथेच माझा घात झाला. आमच्याकडे रिकामं पोतं म्हणजे मिरचीचंच असतं. धान्य त्यात, सिमेंट त्यात, पोरांची दप्तरं त्याची. त्या पोत्याच्या तळाशी चार बोटं बी आणि भुकटी उरली होती. वास आला नाही का, असं तुम्ही विचाराल. अहो, मिरचीचा वास येतो तेव्हा नाही, तो यायचा थांबतो तेव्हा नंदुरबारच्या माणसाला कळतं की आपण गावाबाहेर आलो.

नाटक सुरू झालं. सासऱ्यांना मुद्दाम पुढच्या रांगेत हातांची खुर्ची दिली होती. काका वरून ओरडले, "अरे पाप्या, तुला किती वेळा सांगितलं होतं!" मी खाली लोळलो, छाती बडवली, जीभ बाहेर काढून पाणी मागितलं. बायका पदराने डोळे पुसू लागल्या. पोरं आयांना बिलगली. आणि सासरे? सासरे हसत होते. शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणत होते, "जवाई बेस करी ऱ्हायना!" जावई झकास करतोय म्हणे.

काकांनी वरून मला डोळा मारला: वाढव. मी मूठमूठ भुसा टाकत होतो, तो सोडला आणि अख्खं पोतं ड्रमवर उलटं केलं. आधी भुसा पडला. मग तळ पडला.

नरक खाली आणि स्वर्ग वर, हे शास्त्र. धूर खालून वर जातो, हेही शास्त्र. पण दोन्ही शास्त्रं एकत्र करून आमच्या मंडळीत कुणी पाहिली नव्हती. तो धूर माझ्या डोक्यावरून सरळ स्वर्गात शिरला. काका ‘हालेलूया’ म्हणायला तोंड उघडतच होते. ‘हा’ झाला आणि पुढे जी शिंक आली, तिने केळीचा खांब आडवा झाला. दुसऱ्या शिंकेला डावा पंख गेला. तिसऱ्या शिंकेला अंगणभर पिसांचा पाऊस, आणि त्या पावसात दोनशे माणसं एकाच सुरात खोकत, रडत, नाकं धरून कुंपणाकडे धावली. पन्नास वर्षं विश्वासात असलेले पुढे, कालच आलेले मागे. चर्चचं फाटक अरुंद आहे. त्या दिवशी ते रुंद झालं, अजून तसंच आहे.

मी जमिनीला नाक लावून पडलो होतो. डोळे वांग्यासारखे सुजलेले. नरकातून देवाची प्रार्थना करता येते की नाही यावर लोक वाद घालतात. मी केली आहे. फार मनापासून होते.

आणि त्या सगळ्या हलकल्लोळात एक माणूस हातांच्या खुर्चीत बसून होता. त्याला शिंक नाही, ठसका नाही. त्याने एकदा हवेत नाक फिरवलं आणि जाणत्या माणसाच्या सुरात म्हणाला, "फटकी शे." फटकी म्हणजे पांढरी पडलेली, बाजारात कुणी न घेणारी मिरची. मग ते उठले, धोतराचा सोगा खोचला आणि पाळीवर जावं तसे धुरात गेले. आधी गाणाऱ्या दोन बायका काढल्या. मग पेटीवाला, पेटीसकट. मग माझी कॉलर धरून मला नरकाबाहेर ओढलं आणि ड्रमवर माती लोटली. "जवाई," खोकत असलेल्या मला ते म्हणाले, "पोतं झटकाले शिक."

तेवढ्यात हौदाकडून आवाज आला, "मरी गऊ रे! मरी गऊ! कोणी शे का?"

काका होते. स्वर्गातून उतरताना त्यांना शिडी सापडली नव्हती, म्हणून त्यांनी उडी मारली होती, आणि डोळ्यांची आग विझवायला दिसेल तिकडे धावत जाऊन हौदात पडले होते. पाणी छातीएवढंच. पण पांढरा झगा पायांत गुंडाळलेला, उरलेला पंख भिजून पोत्यासारखा जड झालेला, आणि डोळे मिटलेले. काका पाण्यात उभे राहायच्या ऐवजी फिरत होते. पास्टर दोन हातांवर होते, पण ते नळाखाली डोकं घालून होते आणि त्यांना दोन हातांवरचं काहीच दिसत नव्हतं.

यापुढचं मी पाहिलं नाही. माझ्या बायकोने पाहिलं, एका डोळ्याच्या फटीतून. सासरे हौदाच्या कठड्यापाशी गेले आणि थांबले. एक पाय आत घातला. काढला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. काकांचं डोकं खाली गेलं.

आणि माझी बायको, जी सहा महिने रोज पहाटे उठून, देवा, माझ्या बाला या हौदात उतरव, असं म्हणत होती, ती मिरचीने फाटलेल्या गळ्याने ओरडली, "बा, नको! उतरू नको!"

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग उतरले. शेवटच्या पायरीला शेवाळ होतं. पाय सटकला आणि माणूस सबंध खाली गेला, पागोट्यासकट. पागोटं तेवढं वर तरंगलं. बायको सांगते की तिने पंचवीसपर्यंत आकडे मोजले. मी पाच धरतो, आणि मी कमी सांगतोय हे ध्यानात घ्या. मग पाणी फुटलं आणि सासरे वर आले. खांद्यावर काका, पोतं घेतात तसे आडवे.

त्यानंतरचा अर्धा तास आमची मंडळी चिंचेखाली बसून चहाचं दूध डोळ्यांना लावत होती. काका सासऱ्यांच्या घोंगडीत गुंडाळलेले, दात वाजत होते. कुणाचं नाक वाहत होतं, कुणाच्या केसांत पिसं होती. बायको उठली आणि पास्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"पास्टरसाहेब, माझा बा बुडाला. पूर्ण. डोक्यासकट. मी बघितलं. चालेल का तेवढं?"

पास्टरांनी डोळ्यांवरचा फडका काढला. त्यांचे डोळे नंदुरबारच्या बाजारातल्या एक नंबर मालासारखे लाल होते.

"बाई, ते काकांना काढायला उतरले, बाप्तिस्म्याला नाही. मी चालेल म्हटलं तर तुम्हाला आज बरं वाटेल. पण ते खोटं होईल."

"मग त्याचं काय होईल?"

"मला माहीत नाही," पास्टर म्हणाले. "तारण कुणात आहे ते मी सांगू शकतो. देव कुणाकुणाला हात देऊन ओढून घेईल, ते मला सांगता येत नाही. न्याय करणारा मी नाही, आणि जो आहे तो माझ्यापेक्षा दयाळू आहे, एवढ्यावर मी झोपतो."

मग सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. सातबारा त्यांच्या नावावर.

काका प्रवचन पुस्तकी मराठीत करायचे. आता ती मराठी हौदातच राहिली होती. "मले नका इचारू," ते म्हणाले. "तारण ख्रिस्तमाच शे, हाई मी मरस तोवर सांगसू. पण मी स्वर्गात बसेल व्हतू, अन् मले बाहेर काढाले दोनशे लोकमाथून एक बी उना नही. हाऊ एकटा उना. आते मी याले कोणता तोंडथून सांगू, तू तठे खाले जाय म्हणीसन? कोन वर, कोन खाले, ती यादी वाचनारानी वाचावी. मी नही वाचाव."

सासरे हे सगळं ऐकत पागोटं पिळत होते. ते पावरीत म्हणाले (मराठी पुन्हा माझं), "खाली गेलो तेव्हा डोळे उघडे ठेवले होते. गाव दिसतं का बघितलं."

त्यांनी पागोट्याला आणखी एक पीळ दिला.

"नव्हतं," ते म्हणाले. "नुसतं सिमेंट. आणि काकाचं एक पीस." आणि एकदम हसायला लागले, खो खो, पोट धरून. "पोरी, तू कशाला घोर करते? जवायाने दाखवला तसाच तो नरक असला, तर मला तिथे कायमचं काम आहे. यांच्यातलं कुणी चुकून आलंच, तर कॉलर धरून वर पाठवीन. काकाला आधी. जड आहे, सकाळच्या पाळीतच उरकलेला बरा."

आधी काका हसले. हसता हसता शिंकले, त्यात उरलेला पंखही गेला. मग पास्टर, मग अख्खी चिंच. माझी बायको हसत होती की रडत होती हे त्या दिवशी कुणाच्याच बाबतीत सांगता येण्यासारखं नव्हतं. पण हसता हसताच तिने गाणं धरलं. आवाज काय लागला म्हणता! मिरचीने चिरलेला, बेडकाला लाजवणारा. दोनशे चोंदलेली नाकं तिच्या मागे गाऊ लागली. सुरतेकडून गाडी आली आणि तिने खुशाल लांबलचक शिट्टी दिली. बिचारीला कितीतरी वर्षांत पहिल्यांदा संधी मिळाली होती.

सासऱ्यांचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही. काका आता पुढच्या बाकावर बसत नाहीत, शेवटच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसतात. तारण कसं मिळतं ते त्यांना दर रविवारी कानात सांगतात, आणि सासरे तंबाखूची डबी पुढे करतात. बायकोचा घोर सगळा गेला असं मी म्हणणार नाही. कधी कधी भाकरी अजून करपते. पण ती गाते.

बाप्तिस्म्याच्या रविवारी हौद आता सासरेच भरतात. नळी लावतात आणि कठड्यावर बसून पाय आत सोडतात. पहिल्या वर्षी घोट्यापर्यंत सोडले होते. बायको गाण्याचं पुस्तक काखेत घेऊन येते आणि शेजारी टेकते.

"बा, पाणी कसं शे?"

"थंड शे."

"मग ऊन चढू दे," ती म्हणते, आणि आत गायला जाते.

यंदा पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतं. रिक्षात मी कमरेपर्यंत सांगतो.